निळ्या उजेडाची साक्ष : अतिनील दिवा आणि द्रव्यपरीक्षा

विजयसाराच्या लाकडी पेल्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी ते मधुमेही रुग्णास देण्याचा प्रघात आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ते पाणी स्वच्छ काचेच्या पात्रात ओतून, सकाळच्या उन्हात, काळ्या कापडासमोर धरून पाहण्याचे कष्ट किती वैद्यांनी घेतले असतील, याविषयी आम्हांस शंका आहे. उजेडाकडे धरून आरपार पाहिले तर ते पाणी मधासारखे पिवळसर तांबूस दिसते. तेच पात्र काळ्या कापडासमोर धरून, ऊन ज्या बाजूने पडते त्या बाजूने पाहिले, तर पाण्याच्या कडेला निळसर झाक तरळते. पाणी एकच, रंग मात्र दोन.

या निळ्या झाकेस शास्त्रीय परिभाषेत प्रतिदीप्ती असे म्हणतात. द्रव्यगुणाच्या प्रयोगशाळेतील अतिनील दिवा, त्वचारोगांच्या परीक्षेतील वुडचा दिवा आणि औषधिकोशातील पातळ थराच्या वर्णलेखनाची कसोटी, ही तिन्ही साधने याच एका तत्त्वावर उभी आहेत. आज असा दिवा अल्प किमतीत मिळतो आणि अनेक वैद्यांच्या टेबलावर तो दिसूही लागला आहे. म्हणूनच त्याच्या उजेडात जे दिसते त्याचा अर्थ काय आणि त्या अर्थाची मर्यादा कोठे, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एका वैद्याची भेसळपरीक्षा

प्रतिदीप्तीच्या अगदी आरंभीच्या लिखित नोंदींपैकी एक एका वैद्याची आहे, ही गोष्ट आपल्या व्यवसायास भूषणावह आहे. स्पेनमधील सेव्हिल नगरीचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५६५ मध्ये अमेरिका खंडातून येणाऱ्या औषधींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मूत्रपिंडाच्या विकारांवर वापरल्या जाणाऱ्या एका मेक्सिकन लाकडाचे वर्णन आहे. त्या लाकडाच्या ढलप्या पाण्यात टाकल्या असता पाणी निळे होते, असे त्याने लिहिले. तेवढ्यावरच तो थांबला नाही. बाजारात दुसरे एक लाकूड याच नावाने विकले जाते, त्याने पाणी नुसते पिवळे होते, ते खोटे समजावे आणि निळाई देणारे तेवढेच खरे मानावे, असा इशाराही त्याने दिला. म्हणजे प्रतिदीप्तीचा पहिला ज्ञात उपयोग औषधी द्रव्यातील भेसळ ओळखण्यासाठीच झाला.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. पुढे साडेतीनशे वर्षे युरोपातील पंडित त्या लाकडाच्या मूळ वृक्षाविषयी वाद घालीत राहिले. १९१५ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम सॅफर्ड याने दाखवून दिले की, एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या वृक्षांचे लाकूड प्रचारात होते. एक मेक्सिकोतील आयसेनहार्टिया आणि दुसरा फिलिपाइन्समधील टेरोकार्पस इंडिकस. हा दुसरा वृक्ष आपल्या विजयसाराचा, म्हणजे टेरोकार्पस मार्सुपियमचा, सख्खा भाऊबंद होय. दोन्ही लाकडे पाण्यास निळाई देतात. मोनार्देसची कसोटी पिवळ्या पाण्याचे लाकूड बाहेर काढण्यास पुरी पडली. निळे पाणी देणाऱ्या दोन लाकडांतील भेद सांगण्यास मात्र ती असमर्थ ठरली. हा धडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे आमच्याच हातून झालेल्या चुकीच्या निमित्ताने त्याकडे परत यावयाचे आहे.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल याने १६६४ मध्ये याच लाकडाच्या पाण्यावर आणखी एक प्रयोग नोंदवला. पाण्यात आम्ल घातले की निळाई नाहीशी होते. क्षार घातला की ती परतते. प्रतिदीप्ती केवळ द्रव्यावर नव्हे, तर द्रव्याच्या सान्निध्यावरही अवलंबून असते, हे सत्य या साध्या प्रयोगात दडलेले होते.

नाव आणि कारण

या चमत्काराचे मर्म उलगडले ते १८५२ मध्ये, तेही एका औषधी द्रव्याच्या साहाय्याने. केंब्रिजचे गणिती जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पसरविले आणि सिंकोना सालीतील क्विनीनच्या द्रावणाची नळी त्या रंगपट्टातून एका टोकाकडून दुसरीकडे सरकवीत नेली. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या भागात काहीच घडले नाही. नळी जांभळ्याच्या अंती आणि त्याहीपलीकडे, जेथे डोळ्यांस निव्वळ अंधार दिसतो तेथे पोहोचली, तेव्हा द्रावण निळ्या उजेडाने उजळून निघाले. डोळ्यांस न दिसणारा प्रकाश द्रव्यात शिरला आणि दिसणारा प्रकाश होऊन बाहेर पडला! असाच गुण दाखविणाऱ्या फ्लुओरस्पार नामक खनिजावरून स्टोक्स यांनी या गुणास नाव दिले. आपण त्यास मराठीत प्रतिदीप्ती म्हणतो.

कारण थोडक्यात असे. रेणूतील इलेक्ट्रॉनांना ऊर्जेच्या ठराविक पायऱ्यांवरच राहता येते. अतिनील किरणाचा एक कण शोषला गेला की इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवरून एकदम वरच्या मजल्यावर फेकला जातो. तेथे तो स्थिरावत नाही. प्रथम थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने आजूबाजूस देऊन तो त्या मजल्याच्या तळाशी येतो आणि मग उरलेली ऊर्जा प्रकाशरूपाने टाकून मूळ पदावर उतरतो. वाटेत काही ऊर्जा खर्ची पडलेली असल्यामुळे बाहेर पडणारा प्रकाश आत गेलेल्यापेक्षा दुबळा, म्हणजे अधिक तरंगलांबीचा असतो. अतिनील आत जातो आणि निळा, हिरवा, पिवळा किंवा तांबडा बाहेर येतो, त्याचे कारण हेच. हा सारा व्यवहार साधारणतः सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाच्या काही पटींत आटोपतो. म्हणून दिवा विझताक्षणी प्रतिदीप्तीही विझते. दिवा विझल्यावरही जी तेवत राहते ती स्फुरदीप्ती होय.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. हिमालयात रात्री स्वतः उजळणाऱ्या औषधींचा उल्लेख कालिदासाच्या कुमारसंभवात आहे, आणि आपल्या भीमाशंकराच्या अरण्यात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उजळणारी बुरशी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिली आहे. त्या बुरशीचा अथवा काजव्याचा उजेड रासायनिक क्रियेतून आतूनच निर्माण होतो. प्रतिदीप्त द्रव्यास असे स्वतःचे तेज नसते. ते बाहेरून उसना घेतलेला प्रकाश रूप पालटून परत करते.

सर्वच द्रव्ये असा प्रकाश परत करीत नाहीत. बहुतेक रेणू घेतलेली ऊर्जा कंपनांत आणि उष्णतेत उधळून टाकतात. ज्या रेणूंची घडण सपाट, ताठ आणि एकमेकांस जोडलेल्या वलयांची असते, ते मात्र ती सहजी उधळू शकत नाहीत. क्विनीन, दारुहरिद्रेतील बर्बेरीन आणि बाकुचीतील सोरालेन ही या घडणीची आपल्या परिचयाची उदाहरणे होत. पर्णहरित रक्तवर्णी प्रतिदीप्ती देते. कोणत्याही हिरव्या पानाचा मद्यार्कातील अर्क अतिनील दिव्याखाली लालभडक दिसतो. जिवंत पानात हा रंग फिका असतो, कारण तेथे बहुतांश ऊर्जा अन्ननिर्मितीकडे वळविली जाते.

सान्निध्याचा परिणाम पाहावयाचा असेल तर बाजारात मिळणारे क्विनीनयुक्त टॉनिक वॉटर अतिनील दिव्याखाली धरावे. ते निळे चमकते. त्यात चमचाभर मीठ विरघळवावे, चमक मंदावते. क्विनीन तेवढेच असते. मिठातील क्लोराइड त्याची ऊर्जा परस्पर काढून घेते. आसवारिष्टांसारख्या संमिश्र कल्पात एखादा अपेक्षित रंग दिसला नाही, म्हणजे ते द्रव्य त्यात नाहीच, असा निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे या चमचाभर मिठावरून ध्यानी यावे.

दिव्यांचे दोन प्रकार

प्रयोगशाळेतील दिव्यावर बहुधा दोन कळा असतात. एक २५४ नॅनोमीटरची आणि दुसरी ३६६ नॅनोमीटरची. हे आकडे पाऱ्याच्या वाफेतून निघणाऱ्या प्रकाशाचे आहेत. कमी दाबाच्या पारदवाफेतून वीज जाऊ दिली की मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे, म्हणजे अतितीव्र किरण निघतात. साधी काच ते अडविते. आपल्या घरोघरीच्या ट्यूबलाइटमध्ये हेच किरण नळीच्या आतील पांढऱ्या लेपावर आदळून दृश्य प्रकाश होत असत. म्हणजे अनेक वर्षे आपण प्रतिदीप्तीच्याच उजेडात वाचन केले. आताच्या पांढऱ्या एलईडी दिव्यातही निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्या लेपाकडून रूपांतरित होतो. तत्त्व तेच.

दुसरा ३६६ नॅनोमीटरचा सौम्यतर किरण पाऱ्याच्या ३६५ च्या आसपासच्या रेषेपासून घेतात. त्याबरोबर येणारा दृश्य उजेड अडविला नाही तर त्या झगझगाटात क्षीण प्रतिदीप्ती बुडून जाईल. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९०३ मध्ये दृश्य प्रकाश अडवून अतिनील तेवढा पुढे सोडणारी गाळणी तयार केली. निकेल ऑक्साइड मिसळलेली ही काळसर जांभळी काच म्हणजेच वुडच्या दिव्याचे हृदय.

हल्ली नोटा तपासण्यासाठी म्हणून जे लहान एलईडी विजेरीवजा दिवे विकले जातात, त्यांतील पुष्कळ ३९५ नॅनोमीटरचे असतात. नोटेवरील प्रतिदीप्त शाईचे क्रमांक आणि तंतू पाहण्यास ते पुरेसे आहेत. परंतु त्यांतून भरपूर दृश्य जांभळा प्रकाश पडतो आणि चूर्णाचा खरा रंग त्यात झाकला जातो. द्रव्यपरीक्षेसाठी ३६५ नॅनोमीटरचा, गाळणी असलेला दिवाच घ्यावा, असे आमचे सांगणे आहे.

चूर्णपरीक्षा आणि आमची चूक

चूर्णरूप वनस्पतिज द्रव्यांची प्रतिदीप्तीवरून ओळख पटविण्याची पद्धती अमेरिकेत चेज आणि प्रॅट यांनी १९४९ मध्ये, तर कोकोस्की आदींनी १९५८ मध्ये मांडली. आपल्या पदव्युत्तर प्रबंधांत जो तक्ता हमखास आढळतो तो यांच्याच परंपरेतला. चूर्ण तसेच, मग निरनिराळ्या आम्लांत, क्षारांत आणि मद्यार्कात भिजवून, प्रत्येक वेळी दिवसाच्या उजेडात, २५४ खाली आणि ३६६ खाली पाहावयाचे आणि रंग लिहावयाचे. बॉइलने आम्ल-क्षाराचा जो खेळ पाहिला, तोच येथे शिस्तीत बसविला आहे. क्षाराने एखादा रंग उजळतो, आम्लाने दुसराच प्रकट होतो, आणि अशा दहा-बारा रंगांचा संच मिळून त्या चूर्णाची जणू कुंडली तयार होते.

युरोपीय औषधशास्त्रात याचे नामांकित उदाहरण रेवंदचिनीचे आहे. औषधी चिनी रेवंदचिनीत ऱ्हापोंटिक नावाच्या कनिष्ठ जातीची भेसळ झाली असल्यास, त्या जातीतील ऱ्हापोंटिसिन नामक घटक अतिनील दिव्याखाली झळझळीत निळा दिसतो आणि लबाडी उघडी पडते. येथे दिवा फार कामाचा आहे. जे नसावे तेच चमकते.

याउलट प्रसंग आमच्यावर गुदरला, तो सांगण्यास संकोच वाटतो. तथापि सांगितल्यावाचून या लेखाचा हेतू सफल होणार नाही. काही वर्षांपूर्वी दारुहरिद्रेचे तीन नमुने आमच्याकडे तपासणीस आले. तिन्ही पिवळेजर्द, तिन्ही कडू. अतिनील दिव्याखाली तिघांचेही तुकडे सोनपिवळे झळकले. बर्बेरीनची ती खूण पाहून आम्ही निःशंक मनाने तिन्ही नमुने ग्राह्य ठरविले, आणि त्यांतील एकाची रसक्रिया करण्यासही एका वैद्यमित्रांनी आरंभ केला. आठ दिवसांनी एका विद्यार्थिनीने हात भिंगातून त्या नमुन्याचा आडवा छेद पाहिला आणि भीत भीत विचारले, "सर, याची छिद्रे इतकी मोठी कशी?" दारुहरिद्रेचे काष्ठ घट्ट आणि कठीण. हा तुकडा मात्र वेलीचा होता. पाणी वर चढविण्यासाठी वेलींना लागतात तशा रुंद वाहिन्या त्यात उघड्या डोळ्यांनाही जाणवत होत्या. ती होती दक्षिण भारतातील कोसिनियम, जिला बाजारात झाडी हळद म्हणतात आणि जी दारुहरिद्रेच्या जागी सर्रास खपते. तिच्यातही बर्बेरीन भरपूर असते.

दिवा खोटे बोलला नव्हता. त्याने बर्बेरीन आहे एवढेच सांगितले. ही दारुहरिद्राच आहे, असे आम्हीच त्याच्या तोंडी घातले. मोनार्देसच्या निळ्या पाण्याची कथा चारशेहून अधिक वर्षांनी आमच्या टेबलावर पुन्हा घडली. आम्ही अभिप्राय मागे घेतला, वैद्यमित्रांची रसक्रिया वाया गेली. शिवाय कोसिनियम ही वेल अरण्यांतून दुर्मिळ होत चालली आहे. आमच्यासारख्यांच्या घाईच्या होकाराने तिच्या तोडीस हातभारच लागतो, ही टोचणी वेगळी.

पातळ थरावरील दोन दृष्टी

म्हणूनच औषधिकोशात नुसत्या चमकेवर न थांबता टी.एल.सी., म्हणजे पातळ थराचे वर्णलेखन, सांगितले आहे. द्रव्याच्या अर्काचा ठिपका सिलिकेच्या पातळ थरावर ठेवतात, द्रावक वर चढू देतात, आणि घटक आपापल्या गतीने निरनिराळ्या उंचीवर विसावतात. मग तो थर दोन्ही दिव्यांखाली पाहतात. विद्यार्थ्यांचा येथे नेहमी घोटाळा होतो, म्हणून भेद स्पष्ट करतो.

३६६ खाली जे पट्टे उजळतात ती त्या घटकांची स्वतःची प्रतिदीप्ती होय. २५४ खाली मात्र चित्र उलटे असते. थरातच हिरवी प्रतिदीप्ती देणारे द्रव्य मिसळलेले असते, त्यामुळे सारा थर हिरवा उजळतो. अतिनील शोषणारा घटक जेथे असेल तेथे तो त्या थरावर सावली पाडतो आणि काळा डाग दिसतो. म्हणजे एका दिव्याखाली द्रव्य उजेडाने बोलते, दुसऱ्याखाली सावलीने. शेजारी अस्सल संदर्भद्रव्याचा पट्टा असेल आणि उंची, रंग, क्रम हे तिन्ही जुळले, तरच साम्य मानावयाचे. दारुहरिद्रा आणि कोसिनियम यांचा बर्बेरीनचा पट्टा एकाच उंचीवर येतो. सोबतच्या इतर अल्कलॉइडांचे पट्टे मात्र जुळत नाहीत. आम्ही तेवढे केले असते तर नामुष्की टळली असती.

विषाची खूण

या दिव्याने वाचविलेल्या जीवांचा हिशेबही मांडला पाहिजे. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. शोधाअंती दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीकडे गेला. तिच्या विषास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले, आणि त्याच्या प्रकारांची बी आणि जी ही अक्षरे म्हणजे अतिनील दिव्याखाली दिसणाऱ्या निळ्या आणि हिरव्या रंगांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे होत. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील बांसवाडा आणि पंचमहाल भागांत बुरसटलेला मका खाऊन यकृतशोथाची साथ आली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. दमट कोठारात पडून राहिलेल्या आपल्या मुळ्या, बिया आणि फळे यांनाही हाच धोका आहे.

तरीही सावधगिरी हवीच. बुरसटलेल्या मक्यावर दिव्याखाली जी तेजस्वी हिरवट पिवळी चमक दिसते, ती खुद्द अफ्लाटॉक्सिनची नसून त्याच बुरशीच्या कोजिक आम्लापासून बनलेल्या दुसऱ्या पदार्थाची असते. चमक दिसली तर संशय घ्यावा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. चमक दिसली नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये.

१९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील पिवळ्या धोत्र्याच्या भेसळीने साथीच्या शोथाने साठाहून अधिक बळी घेतले. त्या तेलातील सँग्विनारिन हे विषही पातळ थरावर अतिनील दिव्याखाली पिवळे उजळून स्वतःस उघडे पाडते. सिद्धतैलांसाठी मोहरीचे तेल घेणाऱ्या औषधशाळांनी ही परीक्षा टाळू नये.

रुग्णाच्या त्वचेवर

वुडचा दिवा चिकित्सालयात आला तो १९२५ च्या सुमारास, शिरोभागीच्या दद्रूसाठी. मायक्रोस्पोरम जातीच्या बुरशीने ग्रासलेले केस त्याखाली हिरवे चमकतात. परंतु आपल्या देशात आढळणारी ट्रायकोफायटन व्हायोलेसियम ही जात चमकत नाही. म्हणून अंधार हा आरोग्याचा पुरावा नव्हे.

जांघेतील लाल-तपकिरी चकंदळ दद्रू समजून महिनोन्‌महिने चिकित्सा चालते. दिव्याखाली ते पोवळ्यासारखे तांबडे उजळले, तर तो एरिथ्राझ्मा नामक जिवाणुजन्य विकार असतो आणि चिकित्सेची दिशा बदलते. हा रंग पाण्यात विरघळणाऱ्या पॉर्फिरिनचा असतो. रुग्ण नुकताच स्नान करून आला असेल तर तो धुऊन गेलेला असतो. तेव्हा परीक्षेच्या दिवशी तो भाग न धुता येण्यास सांगावे.

श्वित्राच्या डागात रंजकद्रव्य नसल्याने अतिनील किरण त्वचेत खोलवर शिरतात, तेथील तंतू प्रतिदीप्त होतात आणि डाग निळसर पांढरा, रेखीव कडांचा दिसतो. गौरवर्णी रुग्णात, जेथे दिवसाच्या उजेडात डागाची सीमा कळत नाही, तेथे हे फार उपयुक्त आहे. मात्र साबण, व्हॅसलीन, सॅलिसिलिक आम्लाचे मलम, हळदीचा लेप आणि कापसाचा तंतूसुद्धा चमकतात. लेप पुसल्यावाचून केलेल्या परीक्षेत वैद्य रोग न पाहता कालचे औषधच पाहतो.

परत न येणारा प्रकाश

शेवटी बाकुची. तिच्यातील सोरालेन ३६५ नॅनोमीटरखाली निळे उजळते. ते पाहण्यास मनोहर आहे. परंतु शोषलेला सर्व प्रकाश परत येत नाही. काही उष्णता होतो, काही निळाई होतो आणि काही अंश सोरालेनला पेशींच्या जनुकद्रव्याशी घट्ट जोडण्यात खर्ची पडतो. श्वित्रात चरकाचार्यांनी सूर्यसंताप सांगितला, उत्तरकालीन ग्रंथांनी बाकुची सांगितली आणि १९७४ मध्ये आधुनिक त्वचाचिकित्सेत सोरालेन आणि अतिनील किरणांची जोडचिकित्सा विचर्चिकासदृश सोरायसिसवर प्रसिद्ध झाली. या सर्वांच्या मुळाशी हाच परत न येणारा प्रकाश आहे. मात्रा योग्य असेल तर रंग परततो. अधिक झाली तर त्वचा भाजते, फोड येतात. म्हणून बाकुची लावलेल्या त्वचेवर कुतूहलाने दिवा धरू नये, आणि रुग्णास उन्हाचा काळ मिनिटांत मोजून सांगावा.

२५४ चा दिवा तर सर्वांनाच घातक. तो डोळ्यांच्या बाह्य पटलास भाजतो आणि वेदना काही तासांनी सुरू होते, म्हणून त्या क्षणी काहीच कळत नाही. २०२० च्या साथीत जंतुनाशक म्हणून असे उघडे दिवे घरांत वापरल्याने डोळे भाजल्याचे प्रकार नोंदले गेले. बंद पेटी आणि संरक्षक चष्मा यांवाचून हा दिवा लावू नये.

साक्षीदार आणि न्यायाधीश

वैद्यबंधू-भगिनींनी दिवा वापरताना पुढील नियम पाळावेत, अशी आमची विनंती आहे.

१. अंधाऱ्या खोलीत डोळे काही मिनिटे स्थिरावू द्यावेत. पांढरा कागद आणि कापूस जवळ ठेवू नये. त्यांवरील रंगउजाळक द्रव्ये निळी चमकून फसवितात. काळा, न चमकणारा पृष्ठभाग घ्यावा.

२. शेजारी अस्सल, वनस्पतितज्ज्ञाने ओळखलेला नमुना ठेवूनच तुलना करावी. स्मरणावर विसंबू नये.

३. दिवा कोणता, तरंगलांबी किती आणि द्रावक कोणता, हे लिहून ठेवावे. त्यावाचून रंगाची नोंद निरर्थक आहे.

४. जे नसावे ते चमकले तर द्रव्य नाकारावे. जे असावे ते चमकले तर मात्र पुढील परीक्षा कराव्यात. रूप, रस, गंध, आडवा छेद, सूक्ष्मदर्शक आणि वर्णलेखन यांपैकी काहीही वगळू नये.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात परीक्षेची चार साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. प्रत्यक्षाचा प्रांत लहान आणि अप्रत्यक्षाचा अफाट, हेही त्यांनीच बजावले आहे. अतिनील दिवा आपल्या प्रत्यक्षाची सीमा थोडी पुढे ढकलतो. डोळ्यांस अदृश्य असलेले एक टोक तो दृश्य करून देतो. पण दिसलेल्या रंगावरून द्रव्याचे नाव ठरविणे हे अनुमानाचे काम आहे, आणि कच्च्या अनुमानाचा दोष दिव्याच्या माथी मारता येत नाही.

त्या विद्यार्थिनीजवळ त्या दिवशी केवळ एक हात भिंग होते. आमच्याजवळ दोन तरंगलांबींचा दिवा होता. सत्य तिला दिसले, कारण तिने चमकेवर समाधान न मानता तुकडा उलटून पाहिला. आमच्या औषधशाळेत तेव्हापासून दिव्याच्या पेटीशेजारी एक भिंग आणि कोसिनियमचा तो तुकडा ठेवलेला आहे. नवा नमुना आला की आम्ही प्रथम त्या तुकड्याकडे पाहतो, आणि मग दिवा लावतो.